न मोजलेला ब्लॉक

१३ एप्रिल १९५७, बॉस्टन. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या अंतिम मालिकेतला सातवा, म्हणजे निर्णायक सामना. बॉस्टन सेल्टिक्स विरुद्ध सेंट लुईस हॉक्स. नियमित वेळेचं शेवटचं मिनिट चालू आहे आणि सेल्टिक्सकडे जेमतेम एका गुणाची आघाडी आहे. तेवढ्यात हॉक्सच्या जॅक कोलमनला मैदानाच्या मध्याजवळ लांबचा पास मिळतो. पुढे कोणी नाही, रिंगपर्यंत वाट मोकळी. सेल्टिक्सचा २३ वर्षांचा सेंटर बिल रसेल त्या क्षणी पार दुसऱ्या टोकाला आहे. तो पळत सुटतो. कोलमन उडी घेऊन चेंडू सोडतो, मागून एक लांब हात येतो आणि चेंडू रिंगपर्यंत पोचतच नाही. पुढे सामना दोनदा वाढीव वेळेत गेला, सेल्टिक्स १२५-१२३ असे जिंकले आणि संघाला इतिहासातलं पहिलं विजेतेपद मिळालं.

१९ जून २०१६, ओकलंड. पुन्हा अंतिम मालिका, पुन्हा सातवा सामना. क्लीव्हलँड कॅव्हेलियर्स आणि गोल्डन स्टेट वॉरियर्स ८९-८९ असे बरोबरीत आहेत आणि दोन मिनिटांहून कमी वेळ उरलाय. वॉरियर्सचे आंद्रे इग्वाडाला आणि स्टीफन करी दोघं मिळून एकट्या बचावपटूवर चालून जातात. इग्वाडाला रिंगजवळ झेपावतो. मागून धावत आलेला लेब्रॉन जेम्स हवेत उंच उठतो आणि चेंडू बोर्डावर दाबून धरतो. क्लीव्हलँड ९३-८९ जिंकतं. त्यांचंही हे पहिलंच विजेतेपद.

दोन्ही प्रसंगांत ५९ वर्षांचं अंतर आहे. लेब्रॉनच्या नावापुढे त्या सामन्याच्या तक्त्यात ३ ब्लॉक, म्हणजे हवेतच अडवलेले शॉट, लिहिलेले आहेत. रसेलच्या नावापुढे १९ गुण आणि ३२ रिबाउंड आहेत, ब्लॉकचा रकानाच नाही. एनबीएने ब्लॉक आणि स्टील मोजायला सुरुवात केली १९७३-७४ च्या हंगामात. तोवर रसेलला निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ज्या माणसाने ब्लॉक ही कला घडवली त्याच्या खात्यावर अधिकृत ब्लॉक एकही नाही.

वेगवेगळ्या काळांतल्या बचावपटूंची तुलना करायला बसलं की पहिली ठेच लागते ती इथे. आक्रमणाचा हिशोब पहिल्या दिवसापासून लिहिला गेला, बचावाचा मात्र उशिरा आणि तोही अर्धवट. हा अर्धवटपणा आजही संपलेला नाही. लेब्रॉनचा तो ब्लॉक पुन्हा बघा, पण या वेळी लेब्रॉनकडे बघू नका. इग्वाडालाच्या समोर जे. आर. स्मिथ नावाचा एक खेळाडू आहे. तो इग्वाडालाला सरळ उठू देत नाही. त्याला चुकवण्यासाठी इग्वाडाला हवेत चेंडू खाली घेऊन पुन्हा वर नेतो. त्या एका झोल्यात लेब्रॉनला पोचायला वेळ मिळाला. स्मिथच्या नावापुढे या कामाचं काहीही लिहिलेलं नाही.

मराठी वाचकाला ही गोष्ट क्रिकेटमधून चटकन कळेल. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासच्या कसोटीत नाशिकच्या बापू नाडकर्णींनी इंग्लंडच्या पहिल्या डावात ३२ षटकं टाकली. त्यातली २७ निर्धाव, धावा ५, बळी एकही नाही. फक्त बळींचा रकाना वाचणारा म्हणेल, त्या डावात नाडकर्णींच्या हाती काही लागलं नाही. क्रिकेटने निदान निर्धाव षटकांसाठी वेगळा रकाना ठेवला. बास्केटबॉलमध्ये ‘समोरच्याने शॉट घ्यायचं धाडसच केलं नाही’ यासाठी रकाना नाही.

त्यामुळे जे मोजलं जातं ते कधी कधी दिशाभूलही करतं. ॲलन आयव्हरसन हा फिलाडेल्फियाचा चपळ गार्ड २००१ ते २००३ असे सलग तीन हंगाम प्रति सामना सर्वाधिक स्टील करणारा खेळाडू होता, पण सर्वोत्तम बचावपटूंच्या अधिकृत संघात त्याची निवड एकदाही झाली नाही. सॅन अँटोनियोच्या ब्रूस बोवेनची कारकिर्दीतली सरासरी सामन्यागणिक एक स्टीलसुद्धा नव्हती, तरी तो सर्वोत्तम बचावपटूंच्या संघात आठ वेळा निवडला गेला. कारण साधं आहे. स्टील म्हणजे पासच्या वाटेत झडप घालणं. ती साधली तर चेंडू आपला. हुकली तर आपण जागेवरून हललेले, आपला माणूस मोकळा आणि बाकीचे चौघे त्याला आवरायला धावत सुटलेले. बोवेन झडप घालत नसे. तो समोरच्याच्या पायांना पाय लावून उभा राहायचा आणि त्याला जिथून शॉट घ्यायचा असे तिथून एक पाऊल मागे घ्यायला लावायचा. कबड्डीत चांगल्या कोपऱ्याच्या धाकाने चढाई करणारा बोनस रेषेकडे पायच टाकत नाही, तसंच हे काम.

आता जुन्या काळातल्या प्रचंड आकड्यांकडे वळू. १९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेनने सामन्याला सरासरी ५०.४ गुण आणि २५.७ रिबाउंड मिळवले. रसेलची रिबाउंडची सरासरी होती २३.६. अलीकडे, २०२३-२४ मध्ये, लीगमधला अव्वल रिबाउंडर दोमांतास साबोनिस होता आणि त्याची सरासरी १३.७. मग आजचे खेळाडू निम्म्याच ताकदीचे का? १९६१-६२ मध्ये एक संघ सामन्याला सुमारे १०८ शॉट मारायचा आणि त्यातले साधारण ४३ टक्केच आत जायचे. आज संघ ८९ च्या आसपास शॉट मारतो आणि ४७ टक्के आत जातात. म्हणजे तेव्हा दोन्ही संघ मिळून सामन्यात सव्वाशेच्या घरात शॉट चुकवत होते, आज नव्वदीत. रिबाउंड म्हणजे चुकलेला शॉट उचलणं. जिथे पीकच जास्त तिथे रास मोठी दिसणारच.

उलट बाजूनेही हेच लागू पडतं. २००३-०४ मध्ये संघांची सरासरी सामन्याला ९३.४ गुण होती, २०२३-२४ मध्ये ११४.२. एवढ्यावरून ‘आता कोणी बचावच करत नाही’ असा निकाल लावला जातो. तो घाईचा आहे. गुणांची नुसती सरासरी बघताना खेळाचा वेग विसरला जातो. म्हणून जाणकार दर १०० ताब्यांमागे किती गुण झाले हे बघतात. ताबा म्हणजे चेंडू हाती आल्यापासून तो प्रतिस्पर्ध्याकडे जाईपर्यंतचा डाव. या मापाने २००३-०४ मध्ये दर १०० ताब्यांमागे साधारण १०३ गुण होत होते आणि २०२३-२४ मध्ये ११५. फरक मोठाच आहे, पण नुसत्या सरासरीतल्या फरकाचा बराचसा भाग वेगाचा होता हे यातून दिसतं. उरलेला फरक कुठून आला, हे नियमांचं पुस्तक उघडल्याशिवाय कळत नाही.

बास्केटबॉलच्या नियमांचा इतिहास म्हणजे ‘हा माणूस आवरत नाही, आता मैदानच बदला’ याचा इतिहास. जॉर्ज मायकन हा ६ फूट १० इंचांचा मिनियापोलिस लेकर्सचा सेंटर रिंगखाली ठाण मांडून बसायचा. रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात आक्रमण करणाऱ्याला तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. हा पट्टा तेव्हा ६ फूट रुंद होता. १९५१ मध्ये तो १२ फूट केला. पुढे चेंबरलेन आला, तेव्हा १९६४ मध्ये १६ फूट केला.

मायकनला रोखण्याचा त्याहून भन्नाट उपाय २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने शोधला. त्यांनी चेंडू धरून ठेवला. शॉट अगदी क्वचित घेतला. पास, पास, थांबा, पुन्हा पास. सामना संपला तेव्हा गुणफलक होता १९-१८, पिस्टन्स विजयी. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण मायकनचे होते. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. एका अर्थी हा निर्दोष बचावच होता, कारण चेंडू ज्याच्याकडे नाही तो गुण करू शकत नाही. पण असे सामने बघायला कोण येणार? सिराक्यूज संघाचे मालक डॅनी बियासोनी यांनी कागदावर हिशोब मांडला. रंगतदार सामन्यात दोन्ही संघ मिळून साधारण १२० शॉट घेतात. ४८ मिनिटांचे सेकंद २८८०. भागाकार २४. १९५४-५५ पासून २४ सेकंदांचं घड्याळ आलं आणि एका हंगामात संघांची सरासरी ७९.५ वरून ९३.१ वर गेली. त्या वर्षी विजेतेपद सिराक्यूजनेच मिळवलं.

आणखी एक नियम असा आहे की तो माहीत नसेल तर काळांची तुलना सगळी फसते. जानेवारी १९४७ मध्ये, लीगच्या पहिल्याच हंगामात, झोन बचावावर बंदी आली. ती उठली २००१-०२ मध्ये. मधली चोपन्न वर्षं या लीगमध्ये बचावपटूला जागा राखायची परवानगी नव्हती, फक्त माणूस राखायची होती. तुमचा माणूस रिंगपासून लांब उभा असेल तर तुम्हालाही त्याच्याबरोबर लांब जावं लागे. नाहीतर पूर्ण जोर लावून चेंडूवाल्यावर दुसरा माणूस म्हणून चालून जायचं. अधलंमधलं काही चालत नसे. एक पाय आपल्या माणसाकडे, एक नजर चेंडूकडे ठेवून मधोमध रेंगाळलात की पंच शिट्टी वाजवायचे. पहिल्यांदा ताकीद, पुढच्या वेळी प्रतिस्पर्ध्याला फ्री थ्रो.

याचा मैदानावर परिणाम काय व्हायचा ते बघा. १९९० च्या दशकातल्या एखाद्या सामन्याचं चित्रण लावा. आक्रमक संघाचे तीन खेळाडू मैदानाच्या एका बाजूला जाऊन जवळजवळ हात बांधून उभे राहतात. त्यांना शॉट मारायचा नसतो. त्यांना आपल्यामागे तीन बचावपटू ओढून न्यायचे असतात. मोकळ्या झालेल्या दुसऱ्या बाजूला एकटा तारा खेळाडू आणि एकटा त्याचा राखणदार. मायकेल जॉर्डन, चार्ल्स बार्कली, हकीम ओलाजुवॉन यांच्या कितीतरी गुणांमागे ही मांडणी आहे. आजच्या खेळाडूला ती चैन मिळत नाही. त्याने एकाला चुकवलं की दुसरा आधीच वाटेत उभा असतो, आणि ते नियमात बसतं.

जुन्या काळाच्या चाहत्यांचं यावर उत्तर ठरलेलं असतं: ‘पण तेव्हा हात लावता यायचा.’ आणि ते खरं आहे. हँड-चेक म्हणजे समोरच्याच्या कमरेवर तळहात किंवा पुढचा हात टेकवून त्याला ढकलत, वळवत नेणं. ज्याने हे कधी अनुभवलंय त्याला त्याची किंमत माहीत असते. कमरेवर हात असला की समोरचा कुठे वळणार हे डोळ्यांच्या आधी तळहाताला कळतं, आणि त्याचं पहिलं पाऊल अर्ध्याने मंदावतं. १९९६ च्या अंतिम मालिकेत सिॲटलचा गॅरी पेटन जॉर्डनच्या अंगाला असा चिकटला की चौथा आणि पाचवा सामना सिॲटलने घेतला. मालिका मात्र शिकागोने ४-२ जिंकली. हँड-चेकला १९९४-९५ मध्येच पहिला मोठा लगाम बसला होता, पण त्याची अंमलबजावणी कडक झाली ती २००४-०५ मध्ये.

म्हणजे जुन्या बचावपटूचे हात मोकळे होते आणि पाय बांधलेले, आजच्याचे पाय मोकळे आहेत आणि हात बांधलेले. यातलं अधिक अवघड कोणतं, यावर दोन्हीकडून बोलता येईल. पण एकाच बाजूची सोय तेवढी मोजायची आणि दुसरी विसरायची, हे काही बरोबर नाही.

या चौकटीत सर्वांत हुशारीने कोण खेळलं? माझ्या मते १९८० च्या दशकाच्या अखेरचे डेट्रॉइट पिस्टन्स. प्रशिक्षक चक डेली. जो डुमार्स, आयझाया थॉमस, डेनिस रॉडमन, बिल लॅम्बीर हे खेळाडू. त्यांच्या धसमुसळेपणाच्या गोष्टी एवढ्या सांगितल्या जातात की त्यांची अक्कल झाकली जाते. जॉर्डनसाठी त्यांनी खास नियमावली आखली होती, ‘जॉर्डन रूल्स’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. डुमार्सने त्याला हवी ती दिशा घेऊ द्यायची नाही. चेंडू त्याच्या हाती पडला की दुसऱ्या माणसाने अर्ध्यामुर्ध्या मनाने न जाता थेट अंगावर जायचं, कारण नियम तेवढंच करू देतो. आणि तरीही तो रिंगपर्यंत पोचला तर सोपा गुण द्यायचा नाही, मग फाऊल झाला तरी चालेल. १९८८, १९८९ आणि १९९० अशी सलग तीन वर्षं त्यांनी शिकागोला बाहेर काढलं. शिकागोला अखेर खेळायची पद्धतच बदलावी लागली. चेंडू सगळ्यांच्या हातून फिरू लागला तेव्हाच १९९१ मध्ये ही भिंत पडली. बचावाने इतिहासातल्या सर्वोत्तम आक्रमकाला शिकवलेला हा धडा आहे.

आणि तो काळ ‘कमी गुणांचा’ होता ही समजूत चुकीची आहे. १९८७-८८ मध्ये संघांची सरासरी १०८.२ गुण होती. खरोखर घुसमटलेला बास्केटबॉल खेळला गेला तो साधारण १९९४ ते २००४ या दहा वर्षांत. त्याचं शेवटचं टोक म्हणजे पुन्हा डेट्रॉइटच, २००४ चा संघ. बेन वॉलेस आणि रशीद वॉलेस यांच्या या संघाने मार्च २००४ मध्ये सलग पाच प्रतिस्पर्ध्यांना ७० पेक्षा कमी गुणांवर रोखलं आणि पुढे अंतिम मालिकेत लेकर्सना ४-१ हरवलं. लोक ‘जुना कडक बचाव’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक ही दहा वर्षं असतात, आणि ते ती मागे सगळ्या इतिहासावर पसरवतात.

मग तीन गुणांची रेषा. ती आली १९७९-८० मध्ये, पण पहिल्या हंगामात संघ सामन्याला तीनदेखील प्रयत्न करत नव्हते. १९८७-८८ मध्ये पाच. २०२३-२४ मध्ये ३५. बचावपटूसाठी याचा अर्थ भूमितीत बघू. रेषा रिंगपासून वरच्या बाजूला २३ फूट ९ इंचांवर आहे. जुना बचाव रिंगपासून साधारण १६ फुटांपर्यंत जागता राहिला तरी भागायचं. १६ चे २४ फूट झाले, म्हणजे अंतर दीडपट आणि राखायचं क्षेत्र सव्वादोनपट. माणसं मात्र पाचच राहिली.

राखायच्या जागेबद्दल एक वेगळा विचार एका मुंबईकराने केला होता. मुंबईत जन्मलेले उद्योजक विवेक रणदिवे कॅलिफोर्नियात रेडवूड सिटीमध्ये मुलीच्या शाळकरी बास्केटबॉल संघाला शिकवत होते. स्वतः क्रिकेट-फुटबॉलवर वाढलेले. त्यांना कोडं पडलं की ९४ फुटांचं मैदान असताना बचाव करणारे संघ मागे पळून शेवटचे चोवीसेक फूटच का राखतात? त्यांच्या मुलींनी चेंडू आत टाकण्याच्या क्षणापासून पूर्ण मैदानभर दबाव टाकला आणि त्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धेपर्यंत पोचल्या. माल्कम ग्लॅडवेल यांनी २००९ मध्ये ‘न्यू यॉर्कर’मध्ये ही हकिकत लिहिली. व्यावसायिक लीगमध्ये तसा दबाव ८२ सामने टिकत नाही, कारण तिथले गार्ड तो सहज फोडतात आणि बचावपटूच थकतात. हेच रणदिवे २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्जचे मालक झाले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांचा संघ वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्सशी दोन सामने खेळला. भारतातला एनबीएचा तो पहिला सामना वाढीव वेळेत १३२-१३१ असा संपला.

रेषेमुळे राखायची जागा वाढली, त्याचा खरा त्रास कोणाला झाला? सेंटरला. आजच्या बचावाचा मुख्य प्रश्न असा असतो: चेंडूवाल्या गार्डसाठी त्याचा उंच जोडीदार भिंत होऊन उभा राहतो, म्हणजे स्क्रीन लावतो. गार्डचा राखणदार त्या भिंतीत अडकतो. आता उंच बचावपटूने काय करायचं? मागे सरकून रिंग राखली, ज्याला ‘ड्रॉप’ म्हणतात, तर गार्ड तिथूनच तीन गुणांचा शॉट मारतो. पुढे येऊन झडप घातली तर मागे पोकळी. तिसरा मार्ग अदलाबदलीचा, ‘स्विच’: तू माझा माणूस घे, मी तुझा. मग सात फुटी माणूस लीगमधल्या सर्वांत चपळ गार्डसमोर एकटा उभा.

२०१६ च्या त्याच सातव्या सामन्यात, लेब्रॉनच्या ब्लॉकनंतर थोड्याच वेळात, नेमकं हे घडलं. क्लीव्हलँड ९२-८९ पुढे, मिनिटभरही उरलेलं नाही. अदलाबदलीत केव्हिन लव्ह स्टीफन करीसमोर आला. ६ फूट १० इंचांचा लव्ह, बचावासाठी कधीच न ओळखला गेलेला. करीने त्या हंगामात तीन गुणांचे ४०२ शॉट आत घातले होते. करी एकीकडे झुकला, थांबला, मागे आला, पुन्हा आत आला. लव्ह गुडघे वाकवून, हात वर ठेवून बाजूला सरकत राहिला. फसव्या हालचालींना भुलून त्याने उडी मारली नाही. करीचा शॉट चुकला. आकड्यांच्या तक्त्यात तो फक्त ‘करी, चुकलेला शॉट’ म्हणून नोंदला गेला.

काही महान बचावपटूंवर हा काळ निर्दय झालाय. फ्रान्सचा रुडी गोबेअर चार वेळा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला आहे. २०२१ मध्ये तो किताब मिळवलेल्या त्याच हंगामात, प्लेऑफमधल्या क्लिपर्सविरुद्धच्या सहाव्या सामन्यात क्लिपर्सच्या टेरेन्स मानने ३९ गुण केले आणि गोबेअरचा यूटा संघ २५ गुणांच्या आघाडीवरून हरून बाहेर पडला. ‘गोबेअर उघडा पडला,’ असं सगळीकडे म्हटलं गेलं. तो सामना नीट बघितला तर दिसतं की क्लिपर्सचे पाचही खेळाडू रेषेबाहेर उभे आहेत, यूटाचे गार्ड पुन्हा पुन्हा चुकवले जाताहेत, आणि प्रत्येक वेळी गोबेअरला रिंगकडे येणारा माणूस आणि कोपऱ्यातला मोकळा मान यांतून एकच निवडायचा आहे. चार माणसांची चूक एकाच्या नावावर लागली. बचावात हे नेहमीचंच.

२०१३-१४ पासून एनबीएच्या प्रत्येक स्टेडियमच्या छताला कॅमेरे बसले, सेकंदाला २५ वेळा दहाही खेळाडूंची जागा टिपणारे. त्यामुळे कोणाच्या आसपास समोरचे किती शॉट मारतात, किती चुकवतात हे आता बरंच कळतं. रसेल आणि चेंबरलेन यांच्यासाठी ही सोय कधीच येणार नाही. ब्लॉकचे विक्रम तर त्यांच्याशिवायच सुरू झाले. एका सामन्यात १७ ब्लॉक हा लेकर्सच्या एल्मोर स्मिथचा विक्रम २८ ऑक्टोबर १९७३ चा आहे, म्हणजे मोजणी सुरू झाली त्याच महिन्यातला. तो आजही टिकून आहे. मोजणीचा पहिला महिना आणि सर्वकालीन विक्रम एकत्र यावेत, यावरून आधीच्या सतरा-अठरा वर्षांत काय काय वाहून गेलं असेल याचा अंदाज येतो.

तरीही तुलना करता येते. खेळाडूला काळाच्या यंत्रात घालून दुसरीकडे सोडायचं नाही, हे पथ्य मात्र पाळायला हवं. १९८४-८५ मध्ये ४५६ ब्लॉक करणारा ७ फूट ४ इंचांचा मार्क ईटन आज रेषेबाहेर ओढला गेला असता, हे खरं. पण त्याने त्याच्या काळाचा प्रश्न सोडवला होता. आजचा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. न्याय्य कसोटी वेगळी आहे: आपल्या काळातल्या इतरांपेक्षा तो किती पुढे होता, आणि त्याच्यामुळे संघाचं काय झालं?

या कसोटीवर रसेलच्या जवळपास कोणी येत नाही. तो येण्यापूर्वी सेल्टिक्सनी एकही विजेतेपद मिळवलेलं नव्हतं. त्याच्या १३ हंगामांत ११ मिळवली. तो गेला त्या पुढच्याच वर्षी संघाने ३४ सामने जिंकले, ४८ हरले आणि प्लेऑफही गाठला नाही. त्या वर्षांतल्या आकड्यांवरून ताब्यांचा अंदाज बांधला तर सेल्टिक्सचं आक्रमण अनेकदा साधारणच होतं, पण बचाव जवळजवळ प्रत्येक हंगामात लीगमध्ये पहिला. १९५७ च्या त्या सातव्या सामन्यात बॉब कूझी आणि बिल शर्मन या त्यांच्या दोन प्रमुख गार्डनी मिळून ४० पैकी फक्त ५ शॉट आत घातले होते, तरी संघ जिंकला. शिवाय रसेल चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. तो बोटांनी अलगद थोपवून आपल्याच माणसाकडे सोडायचा, म्हणजे एका ब्लॉकमधून समोरच्याचे दोन गुण जायचे आणि आपला डाव सुरू व्हायचा.

त्याच्याविरुद्धचा आक्षेपही वजनदार आहे. तो आला तेव्हा लीगमध्ये आठच संघ होते. कृष्णवर्णीय खेळाडूंना दार उघडून जेमतेम सहा वर्षं झाली होती आणि किती जणांना घ्यायचं यावर न लिहिलेली मर्यादा होती. परदेशी खेळाडू जवळजवळ नव्हतेच. पुढे लागोसचा ओलाजुवॉन, कांगोचा डिकेम्बे मुटोम्बो आणि आज फ्रान्सचा व्हिक्टर वेम्बान्यामा अशी सगळ्या जगातून निवडलेली उंची आली. पण एकदा आठच संघ म्हटलं की हेही म्हणावं लागतं की रसेलला चेंबरलेनशी १४० हून अधिक वेळा भिडावं लागलं. आजच्या कुठल्याही सेंटरला आपल्या काळातल्या सर्वांत ताकदवान माणसाशी इतक्या वेळा झुंजावं लागत नाही. आणि शरीराचा प्रश्न असेल तर १९५६ मध्ये रसेल जागतिक दर्जाची उंच उडी मारत होता आणि त्याच वर्षी मेलबर्नला त्याने बास्केटबॉलचं ऑलिम्पिक सुवर्णही मिळवलं.

सर्वश्रेष्ठ कोण, तर रसेल. पण सामना कोणत्या सालच्या नियमांनी होणार हे न सांगता एक बचावपटू निवडायला सांगितला, तर मी ओलाजुवॉनला घेईन. लहानपणी हँडबॉल आणि फुटबॉल खेळलेले त्याचे पाय गार्डसारखे होते आणि हात सेंटरचे. १९८८-८९ मध्ये त्याने एकाच हंगामात २१३ स्टील आणि २८२ ब्लॉक केले. दोन्ही रकान्यांत द्विशतक गाठणारा दुसरा खेळाडू आजवर झालेला नाही. मायकनच्या काळातल्या अरुंद पट्ट्यात तो चालला असता आणि करीसमोरच्या स्विचमध्येही.

अंतिम मालिकेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार एनबीएने १९६९ मध्ये सुरू केला. ती रसेलची शेवटची मालिका, ती त्याने जिंकलीही. पुरस्कार मात्र हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला मिळाला. रसेलला तो कधीच मिळाला नाही. २००९ पासून त्या पुरस्काराला बिल रसेलचं नाव आहे, आणि २०१६ मध्ये ओकलंडला त्या ब्लॉकनंतर लेब्रॉन जेम्सच्या हाती आला तो हाच.